खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची

१४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, असं तू बजावलंस म्हणून हा कागद. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या माणसाने दोनदा विचारलं, कशाला हवंय म्हणून. आत्याला पत्र लिहायचंय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. तुझे एकेक हट्ट!

तर, नोकरी लागली. अडतिसाव्या वर्षी पहिली नोकरी. सुपरवायझरने विचारलं, अनुभव किती? म्हटलं, नऊ वर्षं वडिलांच्या अंथरुणावरच्या चादरी बदलल्यात, त्यांना न उठवता. तो म्हणाला, इथे चादरीत माणूस नसतो, सोपं जाईल. हॉस्पिटलची लॉन्ड्री आहे, तळघरात, लांबलचक. एका टोकाला धुण्याची यंत्रं, मग वाळवणीचे ड्रम, मग इस्त्रीचे मोठाले रूळ आणि सगळ्यांत शेवटी आम्ही घडीवाल्या. रुळांतून चादर गरमागरम बाहेर येते. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकं जुळवायची आणि पुन्हा मागे. आवाज इतका की शेजारची ओरडली तरी ऐकू येत नाही. संध्याकाळी खोलीवर आले की तासभर कानात गुणगुण चालू असते. पण हे मी कुणाला सांगतेय! तू सव्वीस वर्षं हॉटेलच्या लॉन्ड्रीत काढलीस.

आम्ही सहाजणी आहोत. सगळ्यांत वयस्कर ती थोरली. सगळ्या तिला थोरलीच म्हणतात. तिची जोडीदार शिडी, उंचीवरून नाव पडलंय. मग दोन सख्ख्या जावा. घरी त्यांचं एकमेकींशी पटत नाही, हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं, आणि इथे एकाच चादरीची टोकं धरून उभ्या असतात. माझी जोडीदार चष्मेवाली. आणि मी.

एकच गोष्ट खटकली. जेवायच्या खोलीत खिडकीपाशी सहा खुर्च्यांचं टेबल आहे. पाचजणी तिथे बसतात. सहावी, खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची रिकामी असते. पहिल्या दिवशी मी डबा घेऊन तिकडे वळले तर शिडी म्हणाली, "तिथे नको." बस, एवढंच. मी भिंतीजवळच्या बाकावर बसून खाल्लं. कुणासाठी तरी राखलेली असेल.

गुडघे कसे आहेत?

तुझी ठमी

२३ ऑक्टोबर

ठमे,

आशीर्वाद आणि सोबत एक धपाटा. हट्ट म्हणे! फोनवरचं बोलणं हवेत जातं. तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि आता उशाशी ठेवलंय.

नोकरीचं वाचून फार बरं वाटलं. माझ्या भावाचं सगळं तू केलंस. आम्ही बाकीचे लांबून चौकशा करत राहिलो, हे मला टोचत असतं. आता तू चार बायकांत बसावंस, हसावंस, कुणाच्या तरी सासूच्या उखाळ्यापाखाळ्या ऐकाव्यास, एवढंच मला हवंय.

खुर्चीचं मनावर घेऊ नकोस. आमचंही टेबल होतं, चौघींचं. एकीचा डबा राहिला तर बाकीच्या तिघींच्या डब्यांतून तिचं पोट भरायचं. एकीचं मूल आजारी असलं तर तिघी तिचं काम वाटून घ्यायच्या आणि साहेबाला पत्ता लागायचा नाही. असं टेबल कुणालाही पहिल्याच दिवशी खुर्ची देत नसतं. नवीन बाईला आधी पारखतात. चुगलखोर आहे का, कामचुकार आहे का, ते बघतात. महिनाभर मुकाट्याने काम कर. एक दिवस त्याच तुला खुर्ची ओढून देतील, तेव्हा मला लगेच कळव.

गुडघे आहेत तिथे आहेत.

आत्या

९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

महिना होऊन गेला. खुर्ची कुणी ओढून दिलेली नाही. आणि ती कुणासाठी राखलेलीही नाही. महिन्याभरात तिच्यावर कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. म्हणजे ती फक्त मी बसू नये म्हणून रिकामी आहे.

कामात मात्र हात बसला. इथे तोंडाने बोलून उपयोग नसतो, म्हणून सगळं चादरीवरून बोलतात. एक झटका म्हणजे थांब. दोन झटके म्हणजे डाग आहे, पुन्हा धुवायला टाक. हलकीशी ओढ दिली की मी धरलंय, चल. डावीकडे ओढलं की सुपरवायझर येतोय. चष्मेवालीने हे सगळं न बोलता शिकवलं. ती वाईट नाही. माझ्या बोटांना भेगा पडल्या तर दुसऱ्या दिवशी तिने मलमाची डबी माझ्या खिशात सरकवली. पण जेवणाची वेळ झाली की ती टेबलावर आणि मी बाकावर.

बाकावरून मी त्यांना बघत बसते, दुसरं करणार काय. त्या टेबलाची राणी कोण ते माझ्या लक्षात आलंय. थोरली. ती खिडकीकडे तोंड करून बसते, बाकीच्या तिच्या आजूबाजूला, आणि कुणीही काहीही बोललं तरी थोरलीकडे बघून बोलतं. धाकटी जाऊ मोठीची थट्टा करते तीसुद्धा थोरलीच्या तोंडाकडे बघून. एकावेळी एकच बोलते. थोरली स्वतः फारसं बोलत नाही, सगळ्या हसल्या की मागून हसते. दरबारच म्हणायचा. तिची परवानगी नसणार, म्हणून मला जागा नाही.

आत्या, तुला हसू येईल, पण मी रोज सकाळी डबा भरताना एखादी जास्तीची वाटी भरते. वाटायला लागलं तर असावी म्हणून. संध्याकाळी तीच वाटी मी खोलीवर बसून संपवते. बाबांच्या आजारपणात मी एकटी होते, पण तेव्हा निदान त्याला कारण होतं.

सांग, काय करू?

ठमी

१८ नोव्हेंबर

ठमे,

तुझी ती जास्तीची वाटी वाचली आणि माझं डोकं फिरलं. हे टेबल नव्हे, टोळी आहे. अशा बायका मला चांगल्या माहीत आहेत. एकीने डोळा फिरवला की बाकीच्या माना फिरवतात. तुझ्यासारखी गरीब गाय दिसली की आणखी चेकाळतात. मी मागे तुला मुकाट्याने काम कर म्हटलं, ते चुकलं. मुकाट्याने राहिलेल्या बाईला सगळे गृहीत धरतात आणि मग ती बाकावरच म्हातारी होते.

उद्या जा आणि त्या खुर्चीवर बस. विचारू नकोस, नाकावर टिच्चून बस. खुर्ची हॉस्पिटलची आहे, त्यांनी माहेराहून आणलेली नाही. तरीही ऐकलं नाही तर सुपरवायझरकडे जा. कुणाचं नाव घेऊ नकोस, चुगली करायची नाही. एवढंच म्हण, की जोड्या दर आठवड्याला बदला, पाळी लावा. आमच्याकडे दर सोमवारी फळ्यावर नवी यादी लागायची. जोड्या फुटल्या की टोळ्या आपोआप फुटतात.

आणि मला सविस्तर कळव. माझा जीव टांगणीला लावू नकोस.

आत्या

२ डिसेंबर

प्रिय आत्या,

बसले. आणि काय झालं ते ऐक.

मी खुर्ची ओढली, डबा उघडला. धाकटी जाऊ काहीतरी गंमत सांगत होती, ती मध्येच थांबली. पाच बायका आणि चमच्यांचा आवाज. मीच म्हटलं, आज रूळ जास्त तापलेत नाही का, तर थोरली माझ्याकडे डोळे बारीक करून नुसती बघत राहिली, समोर कुणी भलतंच येऊन बसल्यासारखी. तुला माझी सवय ठाऊक आहे, वाकडा दात दिसू नये म्हणून मी बोलताना तोंडावर हात ठेवते. शिडीने टेबलाखालून माझ्या गुडघ्याला हात लावला आणि हळूच म्हणाली, "तोंडावर हात ठेवून बोलू नका. आणि शक्यतो या खुर्चीत बसू नका." सगळ्यांसमोर! शाळेतल्या पोरीला सांगावं तसं. लहानपणी त्या दातावरून पोरं चिडवायची, तेव्हासुद्धा इतकी लाज वाटली नव्हती. डबा तसाच बंद करून उठले.

दुपारी चष्मेवालीने चादरीवरून काहीतरी खूण केली, डोळ्यांनी माफी मागितल्यासारखी. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

सुपरवायझरकडे जावं की नाही ते ठरत नाही. माणूस तसा सरळ आहे, पण त्याच्याकडे गेले तर परत फिरता येणार नाही असं वाटतं. तुझं पत्र येईपर्यंत थांबते. लवकर लिही.

ठमी

१९ डिसेंबर

प्रिय आत्या,

सतरा दिवस झाले. तुझं पत्र नाही. फोन केला तर वाजून वाजून बंद झाला, पाच वेळा. तुझ्या शेजारच्या काकांना फोन करून विचारलं तर म्हणाले, बरी आहेत, अंगणात बसलेल्या दिसतात. मग मी समजले. आता माझं मला ठरवायचं आहे, असंच तुझं म्हणणं असणार.

ठरवलं. काल सुपरवायझरकडे गेले. तू सांगितलंस तसंच बोलले, कुणाचं नाव घेतलं नाही. तो म्हणाला, "चांगली कल्पना आहे, सगळ्यांना सगळ्यांबरोबर काम करता आलं पाहिजे." अठ्ठावीस तारखेपासून जोड्यांची पाळी सुरू. आणि पहिल्या यादीत माझी जोडी कुणाबरोबर आहे, सांग? खुद्द थोरलीबरोबर! दिवसभर एका चादरीची टोकं धरल्यावर राणीसरकार किती दिवस बोलणार नाहीत, ते बघतेच.

आत्या, बऱ्याच दिवसांनी छान झोप लागली.

ठमी

८ डिसेंबर

ठमे,

तुझं दोन तारखेचं पत्र आत्ता आलं आणि लगेच लिहायला बसलेय. सुपरवायझरकडे जाऊ नकोस. मी सांगितलेलं सगळं विसर.

तुझ्या थोरलीला ऐकू येत नाही.

खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचं तोंड अंधारात असतं, त्याचे ओठ दिसत नाहीत. म्हणून ती खुर्ची रिकामी. म्हणून एकावेळी एकीने बोलायचं, तिच्याकडे बघून बोलायचं आणि तोंडावर हात ठेवायचा नाही. म्हणून ती मागून हसते. यंत्रांच्या आवाजात तर सगळेच बहिरे, तिथे झटक्यांवर भागतं. उघडं पडेल ते जेवणाच्या खोलीत. तिथे त्या तिला सांभाळताहेत. तिची नोकरी राखताहेत. आणि तुला सांगत नाहीत, कारण तू नवीन आहेस आणि ही सांगायची गोष्ट नाही. उद्या शिडीला बाजूला घे आणि म्हण, माझ्या लक्षात आलंय, मी बाकावरच बसेन. मग बघ.

आत्या

२६ डिसेंबर

वरचं पत्र अठरा दिवस माझ्या खणात पडून होतं. पाकीट बंद केलं आणि मनात आलं, ठमी विचारेल, आत्या, तुला इतक्या लांबून हे कसं कळलं? त्याचं उत्तर द्यावं लागेल म्हणून टाकलं नाही. आज तुझं एकोणीस तारखेचं पत्र मिळालं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

तर उत्तर देते. मला फोनवर काही ऐकू येत नाही. फोन वाजलेलाही कळत नाही. सात वर्षं झाली. शेजारच्या काकांनासुद्धा मी अंदाजाने उत्तरं देते. घरी कुणी आलं तर मीही खिडकीकडे तोंड करून बसते.

हे पाकीट आता स्वतः पोस्टात टाकायला निघालेय. देवा, वेळेवर पोचू दे.

१० जानेवारी

आत्या,

तुझं पत्र एक तारखेला मिळालं. दोन दिवस उशिरा.

अठ्ठावीसला यादी लागली. शिडी बराच वेळ यादीपुढे उभी होती. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तिला झटके कळतात. तोंडाने काही सांगत बसू नका." मी फणकाऱ्याने म्हटलं, "का? मला बोलायचीसुद्धा बंदी आहे का?" ती आणखी काही सांगणार होती, तेवढ्यात थोरली आली आणि ते राहिलं.

दोन दिवस उत्तम गेले. थोरलीचे हात काय सांगू तुला. चादर तिच्या हातात आली की आपोआप सरळ होते. मी चुकले तर ती हलकेच ओढ द्यायची आणि माझं टोक जागेवर यायचं. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसलीही. मला वाटलं, आता जमलं.

त्याच दिवशी, जेवणाच्या थोडं आधी वीज गेली. सगळी यंत्रं एका दमात थांबली. असली शांतता मी तिथे कधीच ऐकली नव्हती. आमच्या मध्ये चादर ताणलेली होती आणि माझ्या बाजूच्या काठाजवळ डाग होता. तोंडाने बोलता येण्याइतकं शांत झालंय, या आनंदात मी झटके विसरले. म्हटलं, "थांबा, डाग आहे." ती चादरीवर नजर ठेवून टोकं जुळवत चालत राहिली. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मोठ्याने. सुपरवायझर विजेचं बघायला दारात आला होता. आत्या, मी त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "बघा साहेब, या माझ्याशी बोलतच नाहीत. तीनदा सांगितलं." हे माझे शब्द आहेत. रोज आठवतात.

तो हसतच आत आला. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, तिच्या पाठीमागे उभा राहिला आणि तिच्या नावाने हाक मारली. मग पुन्हा. मग जोरात. सगळ्या तळघरात ती हाक घुमली. शिडीच्या हातातली चादर खाली पडली. आणि थोरली माझ्यासमोर उभी होती, जुळवलेली टोकं पुढे करून, मी ती घ्यावीत म्हणून, हसत.

त्याच दुपारी तिला वर कानाच्या डॉक्टरकडे नेलं. सुपरवायझरचाही इलाज नव्हता, नियम आहे. रूळ, गरम वाफ, हाक ऐकू यायलाच हवी. त्याने तिला कोठारात लेबलं चिकटवायचं काम देऊ केलं, निवृत्तीला चौदा महिनेच राहिले होते. ती जेवायच्या खोलीत आली. आपल्या खुर्चीत बसली आणि विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मग शिडीने तोंड उजेडाकडे केलं, रोजच्यासारखं, आणि म्हणाली, "चार वर्षं."

थोरली म्हणाली, "म्हणजे चार वर्षं मी ऐकू येण्याचं नाटक करत होते आणि तुम्ही बसून बघत होतात." डबा उचलून गेली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. कोठारातही नाही.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि तू. अठरा दिवस, आत्या! आणखी काय लिहू?

ठमी

१८ जानेवारी

ठमे,

तुझ्या रागाला मी पात्र आहे. मी स्वतःला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

एकदाचं सगळं सांगते. आमच्या चौघींच्या टेबलाचं जे लिहिलं होतं ते खरं आहे, पण पहिल्या वीस वर्षांचं. मला ऐकू येईनासं झालं तेव्हा आधी त्या हसल्या. मग कंटाळल्या. तेच तेच पुन्हा सांगायचा माणसाला कंटाळा येतो, मी त्यांना दोष देत नाही. मग एक दिवस टेबलावर तीनच खुर्च्या होत्या. शेवटची तीन वर्षं मी बॉयलरच्या मागे बसून जेवले. गुडघ्यांमुळे नोकरी सोडली, असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं. गुडघे माझे आजही ठणठणीत आहेत.

म्हणून तुझी रिकामी खुर्ची वाचली आणि मला माझंच टेबल दिसलं. तुला सल्ला दिला तो त्या तिघींवर सूड घ्यायला दिला, दुसरं काय. आणि खरं कळलं तेव्हा पाकीट खणात का ठेवलं? लाज होतीच. पण त्याखाली आणखी एक होतं. मला हेवा वाटला, ठमे. कुणीतरी कुणासाठी चार वर्षं एक खुर्ची रिकामी ठेवली, हे मला सोसलं नाही.

आता तुला लिहायचं की नाही ते तू ठरव. मी वाट बघेन.

आत्या

२१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

महिनाभर लिहिलं नाही. राग होता, मग राग ओसरला आणि नुसतंच वाईट वाटत राहिलं.

मागच्या आठवड्यात मोठी जाऊ बाकाजवळ येऊन म्हणाली, "तिकडे बसा ना, आता काय." आणि मी त्या खुर्चीवर बसले. ऑक्टोबरपासून जिच्यासाठी जीव टाकला ती खुर्ची. पाठीवर छान ऊन येतं. समोर थोरलीची जागा रिकामी. वाटी पुढे केली तर सगळ्यांनी थोडं थोडं घेतलंही. पण आता कुणी कुणाकडे बघून बोलत नाही. घास तोंडात असतानाच बोलतात, तिघी एकदम बोलतात, नाहीतर कुणीच नाही. दोघी जावा इथेही भांडायला लागल्यात, एक दिवस आड जेवायला येतात. शिडीने बदली मागून घेतली, ती आता रुळांवर असते आणि उभ्यानेच खाते. परवा टेबलावर मी आणि चष्मेवाली दोघीच होतो. तिने चष्मा पुसत सांगितलं, "आधी आमचंही कुठे पटत होतं? तिचे कान गेले आणि आम्ही एक झालो."

थोरलीचा पत्ता शिडीने दिला. मी मागितला तेव्हा ती म्हणाली, "दार वाजवू नका, उपयोग नाही. दुपारी उघडं असतं."

काल रविवारी गेले. गल्लीच्या टोकाला एक खोली. दार उघडंच होतं. आत ती दाराकडे पाठ करून चादरीची घडी घालत होती. एकटी. दोन टोकं खिडकीच्या गजांना बांधली होती आणि उरलेली दोन हातात धरून ती ताणत होती. गजांना बांधलेली चादर चालत येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी तीच खिडकीपर्यंत जायची, गाठ सोडायची, पुन्हा बांधायची. मी बराच वेळ दारात उभी राहिले, तिला कळायचा प्रश्नच नव्हता. मग आत जाऊन भिंतीकडेने खिडकीपाशी गेले. तिने मला पाहिलं. मी गाठी सोडल्या, टोकं धरली आणि हलकीशी ओढ दिली. मी धरलंय, चल.

ती तशीच उभी राहिली. वाटलं, चादर टाकून देईल. पण तिने आपली टोकं ताणली आणि आम्ही घडी घातली. मग खाटेवरून दुसरी चादर उचलली, मग उशीचे अभ्रेसुद्धा. शेवटी ती माझ्याजवळ येऊन टोकं घेत होती तेव्हा मी उजेडाकडे तोंड केलं. हात खाली ठेवला. म्हटलं, "माझं चुकलं. मला माहीत नव्हतं." महिनाभर पाठ केलेलं पुढचं काही आठवलं नाही.

तिने माझ्या ओठांकडे बघितलं. म्हणाली, "कळलं. घडी चांगली घालतेस. आता जा." आणि पाठ फिरवली. मग मी मागून खूप काही बोलले. रडले पण. तिने चादरी कपाटात ठेवल्या, एकावर एक, काठ जुळवून.

आत्या, येत्या शनिवारी मी निघतेय, दुपारपर्यंत पोचेन. बेल वाजवणार नाही, दार उघडं ठेव. तू तुझ्या जागी खिडकीकडे तोंड करून बस आणि माझी खुर्ची तुझ्यासमोर, खिडकीच्या बाजूला नको, थोडी कडेला मांड. उजेड माझ्या तोंडावर पडला पाहिजे. मी सावकाश बोलेन, एकच गोष्ट चारदा सांगायला लागली तरी सांगेन. तोंडावर हात ठेवणार नाही. दात वाकडाच आहे अजून, दिसेल तेवढा दिसू दे.

तुझी ठमी